उसवलेली ओळ: बैठकीच्या खोलीतल्या कार्पेटच्या दुरुस्तीच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी

रात्रीचे साडेअकरा. भजन संपलं, मंडळी खिचडी खाऊन गेली. खोली आवरताना पेटी उचलायच्या ऐवजी ओढली गेली आणि तिच्या पितळी कडीत कार्पेटचा एक धागा अडकला. सर्रकन आवाज आला. तांदळाच्या पोत्याच्या तोंडाची शिवण योग्य टोकाने ओढली की जशी एका झटक्यात सुटते, तसंच. आम्ही सगळे गप्प झालो. बाबांनी खाली वाकून धाग्याचं टोक हातात घेतलं, तेव्हा मी ओरडलेच, "बाबा, ओढू नका!"

धागा आहे तसा गुंडाळून त्यावर एक वाटी पालथी घातली आहे. उद्या उजेडात बघू.

७ जुलै, सोमवार

बँकेतून आल्यावर उजेड होता तोवर सगळी खोली गुडघ्यांवर बसून तपासली. एका उसवलेल्या ओळीसाठी बसले आणि भलतंच काय काय सापडलं.

आधी खोलीबद्दल. गोव्यातल्या कवळ्याच्या घराची ही मागची खोली, बारा बाय चौदा फूट, खाली जुन्या मोझेक लाद्या. बाबा इथे तबल्याचे वर्ग घेतात. लाद्यांवर चाटेचा (तबल्याच्या कडेचा) आवाज भिंतींवर आपटून परत यायचा आणि नव्या मुलांना स्वतःचं बोट नक्की कुठे पडलं तेच कळायचं नाही. म्हणून २००९ साली मामाने हे कार्पेट टाकून दिलं. डग्ग्याच्या घुमाऱ्यात फारसा फरक पडला नाही (पातळ कार्पेट खर्जाचा आवाज फारसा पीत नाही), पण चाटेचे म्हणजे किनारीचे बोल स्वच्छ झाले. सोळा वर्षं बाबा याच जागी बसत आले आहेत.

आता नुकसान. मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून प्रत्येकावर आकडा घातला.

एक: पेटीने उसवलेली ओळ, चौदा इंच लांब. धागा एका टोकाला अजून कार्पेटमध्ये आहे, तुटलेला नाही. ही मोठी जमेची बाजू.

दोन: खिडकीपाशी तीन सुटे फास वर आलेले, दोन अर्ध्या इंचाचे आणि एक चांगला इंचभर. मांजराचं काम.

तीन: देव्हाऱ्याच्या बाजूला उदबत्तीचा निखारा पडून जळालेला डाग, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. वरची पुटं काळी आणि काचेसारखी कडक.

चार: दाराची कड. तिथली पट्टी कधीची सैल झाली होती आणि ओळींची टोकं फणीच्या दातांसारखी बाहेर आली आहेत. हे मी कित्येक महिने रोज ओलांडत होते.

शेजारच्या काकींनी सांगितलं, "गोव्यात कार्पेट टिकतं कुठे, काढून टाका, लादी पुसायला सोपी." त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पाऊस, लाल माती, ओल, सगळं विरोधातच आहे. पण बाबांनी नवीन कार्पेटचा विषयही काढू दिला नाही. म्हणाले, "खोलीचा आवाज लागलाय."

९ जुलै, बुधवार

दुरुस्तीच्या आधी धागा कशाचा आहे ते कळायला हवं. त्याशिवाय गोंद कुठला, गरम काही लावावं की नाही, काहीच ठरत नाही. कपाटाखालच्या कोपऱ्यातून धाग्याचे दोन तुकडे कापून घेतले.

पहिला तुकडा वाटीभर पाण्यात टाकला. पाण्यात थेंबभर साबण घातला होता, नाहीतर हवेच्या बुडबुड्यांनी काहीही तरंगतं. दाबून सोडला तरी तुकडा वर आला. लोकर, नायलॉन, पॉलिएस्टर हे सगळे पाण्यापेक्षा जड, ते बुडतात. पाण्याहून हलका असतो तो पॉलिप्रॉपिलीन.

दुसरा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडी लावली. आधी आक्रसला, मग वितळला, मेणबत्तीसारखा वास आला, आणि थंड झाल्यावर कडक मणी राहिला. लोकर असती तर केस जळाल्याचा वास येऊन राख हातात चुरगळली असती.

म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच. हा १६० ते १६५ अंशांच्या आसपास वितळतो. सुती कपड्यांवर फिरवतो ती इस्त्री त्याच्याही वर तापते. त्यामुळे इस्त्री, गरम चमचा असले उपाय बंद. उदबत्तीचा डाग काचेसारखा का झाला तेही कळलं: धागा जळण्याआधी वितळून एकमेकांत मिसळला. तो डाग घासून निघणार नाही, तिथे ठिगळच लागणार.

१३ जुलै, रविवार

मामा डिचोलीहून आला. मस्कतला एकवीस वर्षं कार्पेट टाकण्याचंच काम केलं त्याने, भिंतीपासून भिंतीपर्यंतचं. आल्याआल्या चहाही न घेता जमिनीवर आडवा झाला आणि गाल कार्पेटला टेकवून खिडकीच्या दिशेने बघत राहिला. मला वाटलं पाठ भरली. "ओळी बघतोय गो बाय," म्हणाला.

तिरक्या उजेडात ओळी शेतातल्या सऱ्यांसारख्या दिसतात. मामाने पट्टी ठेवून मोजल्या: एका इंचात आठ ओळी. मग एका ओळीतले फास मोजले: इंचाला सात. हे दोन आकडे त्याने मला हातावर लिहायला लावले. पुढच्या सगळ्या कामात मला याच दोन आकड्यांचा आधार होता.

मग त्याने हे कार्पेट बनतं कसं ते समजावलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भदोही-मिर्झापूरकडचा किंवा काश्मिरी गालिचा हाताने गाठी मारून विणतात. तिथे प्रत्येक गाठ स्वतंत्र, एक निघाली तर शेजारणीला काही होत नाही. आपलं कार्पेट यंत्रावर टाके घालून केलेलं. आडव्या रांगेतल्या शेकडो सुया एका जाळीदार कापडातून धागा खाली ढकलतात, खाली प्रत्येक सुईसमोर एक आकडा (हूक) असतो, तो धागा धरून ठेवतो, सुई मागे जाते आणि फास तयार होतो. कापड थोडं पुढे सरकतं, पुन्हा तेच. म्हणजे एका सुईची अख्खी ओळ हा एकच सलग धागा. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच. त्याला कुठेही गाठ नाही. मागून लॅटेक्सचा (रबरी गोंदाचा) थर देऊन दुसरं कापड चिकटवतात आणि तेवढ्यावरच सगळं उभं असतं. लॅटेक्सची पकड सुटली की धाग्याला धरणारं कोणी उरत नाही.

आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे गोधडीचा धावदोराच की. एका टोकाला ओढलं की सगळी गोळा होते." मामा म्हणाला, अगदी तस्संच. यंत्राची ही कला मुळात पलंगावर घालायच्या चादरींतूनच आली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावाकडे कॅथरिन एव्हान्स नावाच्या मुलीने १८९५ साली हाताने असे टाके घालून चादर केली, त्यातून तिथे घरोघरी धंदा उभा राहिला, पुढे यंत्रं आली आणि चादरींवरून कार्पेटवर गेली. आईला ही गोष्ट फार आवडली.

मामाने कोपऱ्यातली पट्टी उचलून कार्पेट उलटं केलं. खालून पांढरी भुकटी सांडली. मला वाटलं लाद्यांची, पण ती लॅटेक्समधली होती. लॅटेक्समध्ये चुनखडीची पूड भरीला घालतात. ओल आणि वय यांनी रबर मेलं की ती मोकळी होते. भिंतीलगत एक हातभर पट्ट्यात हे झालंय. मधलं कार्पेट अजून घट्ट आहे. "दहा वर्षं तरी जाईल, पण ओढाओढ बंद," मामा म्हणाला. बाबांकडे बघून, "भावोजी, पेटी उचलायची." बाबांनी मान हलवली.

जाताना त्याने दोन गोष्टी पुन्हापुन्हा सांगितल्या. वर आलेला फास कधी ओढायचा नाही. आणि कापायचं ते दोन ओळींच्या मधल्या सरीतून, ओळीवरून नाही.

१४ ते १८ जुलै

रोज रात्री अर्धा तास सराव. कपाटाखालून मामाने हातभर तुकडा कापून दिलाय, तो स्वयंपाकघरातल्या पाटावर घेऊन बसते. मुद्दाम ओळ उसवते आणि परत बसवते. पहिल्या दिवशी चार इंचांना पाऊण तास लागला. शुक्रवारी वीस मिनिटं.

एक सुंदर गोष्ट सापडली. उसवलेला धागा सरळ होत नाही. सोळा वर्षं फासात राहिल्यामुळे त्याला नागमोडी वळण पडलेलं असतं, वर-खाली, वर-खाली. खालचं प्रत्येक वळण म्हणजे जिथे तो जाळीत शिरला होता ती जागा. धागाच सांगतो मला कुठे बसव म्हणून. फक्त तो ताणायचा नाही, नाहीतर वळणं पुसट होतात.

त्याच आठवड्यात दोन नंबरचं काम, मांजराचे तीन फास, उरकून टाकलं. अर्ध्या इंचाचे दोन टोकाशी तुटलेलेच होते, ते शेजारच्या फासांच्या उंचीला कातरीने समान केले. इंचभराचा तुटला नव्हता. तो कापला असता तर दोन सुटी टोकं तयार झाली असती, म्हणून बोथट दाभणाने त्याच ओळीतल्या पुढच्या-मागच्या आठ-दहा फासांमध्ये थोडं थोडं वाढीव वाटून दिलं, जसं पायजम्याच्या नाडीचा फुगवटा सारतात. दिसत नाही आता.

१९ जुलै, शनिवार

मडगावला नव्या बाजारात जाऊन सामान आणलं. कार्पेटचं पाण्याचं लॅटेक्स अर्धा लिटर, क्रोशाची दोन नंबरची सुई, वाकडी सुई, कॅनव्हासची चार इंची पट्टी, दारासाठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, कटरची नवी पाती. दाभण घरचंच, टोक कानशीने बोथट केलेलं.

दुकानात गोंदाबद्दल बरेच सल्ले मिळाले. सुतारकामाचा पांढरा गोंद वाळल्यावर कडक होतो, पायाखाली तडकतो, आणि पाणी लागलं की परत मऊ पडतो. आपल्याकडच्या पावसात तो नकोच. चपला चिकटवतात ते सोल्यूशन पटकन धरतं खरं, पण त्यातलं द्रावण जुन्या लॅटेक्सला मऊ करू शकतं आणि कडेने पिवळं पडतं. गरम गोंदाची बंदूक या धाग्यावर मला नकोच होती. लॅटेक्स वाळायला वेळ घेतं, पण लवचीक राहतं. हेच घ्यायचं ठरवून गेले होते, तेच घेतलं.

२० जुलै, रविवार

एक नंबरची ओळ. सकाळी नऊला बसले.

सर्वांत आधी रिकामी सरी साफ केली. दोन्ही बाजूंच्या ओळी मास्किंग टेपने बाजूला बांधल्या, म्हणजे गोंद त्यांना लागणार नाही. टॉर्च धरल्यावर जाळीची भोकं ओळीने दिसली, आत वाळलेल्या लॅटेक्सचे कण. ते चिमट्याने आणि जुन्या टूथब्रशने काढले.

चौदा इंच, इंचाला सात, म्हणजे ९८ फास. बाहेर आलेला धागा मोजला तर जवळजवळ पाच फूट भरला. एवढा धागा एवढ्याशा ओळीत मावतो यावर विश्वास बसत नाही, पण प्रत्येक फास वर जाऊन खाली येतो.

लॅटेक्स इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून (सुई काढून) सरीत दोनच इंच बारीक रेघ ओढली. मग धागा जिथे अजून कार्पेटमध्ये आहे त्या टोकापासून सुरुवात. खालचं वळण दाभणाने भोकात दाबायचं, तीन आकडे मोजायचे, पुढचं वळण. दोन इंच झाले की पुढची रेघ. फासांची उंची जुळते का ते बघायला शेजारच्या ओळींवर प्लास्टिकची पट्टी आडवी ठेवायची. नवा फास पट्टीला जेमतेम टेकला पाहिजे, ती उचलता कामा नये आणि खाली फटही राहता कामा नये.

दीड वाजता ९८वा फास बसला आणि हातात चार इंच धागा उरला.

उरायला नको होता. म्हणजे मधले फास बुटके झाले. पट्टी ठेवून पाहिलं तर पाचव्या ते आठव्या इंचात फट दिसत होती. तिथे मी कंटाळून वेगाने गेले होते. लॅटेक्स ओलं होतं तोवर तेवढा भाग परत काढला आणि पुन्हा बसवला. शेवटी पाऊण इंच उरला, तो कापून टोक गोंदात दाबलं. त्यावर बटर पेपर, त्यावर फळी, फळीवर दोन विटा.

पाठ मोडली आहे, पण उठून उभ्याने बघितलं तेव्हा ती ओळ कुठे आहे ते मला शोधावं लागलं.

२२ जुलै, मंगळवार

सगळं गेलं.

चोवीस तास फळी ठेवायची असं मामाने सांगितलं होतं, मी अठ्ठेचाळीस ठेवली. आज संध्याकाळी काढली, वरून हात फिरवला, छान वाटलं. वर्गातला एक मुलगा तिथे बसला, उठताना त्याच्या पायाच्या बोटाने ओळ दाबली गेली आणि सहा इंच वर आली. खालचं लॅटेक्स अजून दुधासारखं पांढरं होतं. ते वाळलं की पारदर्शक होतं, हे मला माहीत होतं. मी फक्त खाली डोकावून बघितलं नाही.

मामाला फोन केला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मी तुला मस्कतचे चोवीस तास सांगितले गो." तिथली हवा, त्यात खोलीला एसी. आमच्या खोलीतला आर्द्रतामापक आज ९१ टक्के दाखवतो आहे. लॅटेक्समधलं पाणी हवेत जाणार तेव्हा ते धरणार. हवाच पाण्याने भरलेली असेल तर ते जाणार कुठे?

२४ जुलै, गुरुवार

उपाय बाबांनी काढला. पावसाळ्यात तबल्याचं चामडं ओल धरून सैल पडतं, स्वर उतरतो. बाबा दरवर्षी जून ते सप्टेंबर तबल्याची जोडी कपाटात ठेवतात आणि आत एक चाळीस वॉटचा पिवळा दिवा लावून ठेवतात. तापवायचं नसतं. हवा नुसती थोडी उबदार झाली की तिची ओल कमी होते. "चामड्याला चालतं ते तुझ्या धाग्याला का नाही चालणार?" असं त्यांनी विचारलं.

टेबललॅम्पमध्ये तोच दिवा लावला, कार्पेटपासून दीड फूट वर. बाजूने टेबलफॅन सर्वांत हळू, वारा तिरका. पाऊस असेल तेव्हा खिडक्या बंद. कपाटात ठेवतात ते ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे दोन डबे जवळ. तासाभराने दिव्याखाली मापक ६८ वर आला. कार्पेटवर तळहात ठेवला तर कोमट, पेजेच्या वाटीला बाहेरून हात लावल्यासारखा. १६० अंशांच्या जवळपासही जाण्याचा प्रश्न नाही.

आज फक्त जागा वाळवायची. गोंद नाही.

२६ आणि २७ जुलै

वर आलेले सहा इंच पुन्हा. जुनं अर्धवट लॅटेक्स बोटाने चोळून रबरासारखं निघालं. धाग्याची वळणं यावेळी पुसट झाली होती, म्हणून ४२ फास मोजूनच बसवले, सात-सातच्या सहा गटांत. बाबा शेजारी बसून मोजत होते, रूपकाच्या सात मात्रांत. सातवा फास पडला की टाळीऐवजी मांडीवर हलकी थाप. मला त्याने खरंच मदत झाली, कारण हात आपोआप एकाच वेगाने चालतो आणि फास एकाच उंचीचे होतात.

बुधवारपर्यंत दिवा चालू ठेवायचा, काही काढायचं नाही, असं ठरलं. वर्ग तोपर्यंत वसरीवर.

३० जुलै, बुधवार

बाजूच्या ओळी दोन बोटांनी वेगळ्या करून आत बघितलं. गोंद पारदर्शक. दाभणाने एक फास हलकेच उचलून पाहिला, हलला नाही. वर्ग आत.

२ ऑगस्ट, शनिवार

तीन नंबर, उदबत्तीचा डाग. ठिगळाचं काम मला सर्वांत अवघड वाटत होतं. प्रत्यक्षात ते ओळीपेक्षा सोपं निघालं, कारण सगळं मोजणीत आहे.

कपाटाखालच्या तुकड्यातून दोन इंची चौकोन घेतला. म्हणजे १६ ओळी रुंद आणि १४ फास लांब. ओळींच्या बाजूने कापणं सोपं: बोथट स्क्रूड्रायव्हर सरीतून फिरवला, फास दोन्हीकडे झोपले, मधून पातं चालवलं. एकही फास कापला गेला नाही. आडव्या बाजूने मात्र प्रत्येक ओळीचा धागा कापला जाणारच, तिथे दोन फासांच्या मधोमध पातं घालायचं आणि लगेच कडेला लॅटेक्सचं बोट फिरवायचं. त्या १६ धाग्यांची ३२ टोकं तिथेच सुटू शकतात.

कापण्याआधी पाठीवर बाण काढला. ठिगळ उलट्या दिशेने बसवलं तर फासांचा कल उलटा पडतो आणि तेवढाच चौकोन गडद दिसतो. मी मुद्दाम फिरवून ठेवून पाहिलं, खिडकीच्या उजेडात लगेच उठून दिसतो. रंगही बघितला. कपाटाखालचा तुकडा सोळा वर्षं पायाखाली आला नाही, त्यामुळे तो शेजारच्यापेक्षा थोडा उजळ आणि गुबगुबीत आहे. याला इलाज नाही, वापराने मिळून येईल.

मग डागाभोवती तेवढ्याच ओळी, तेवढेच फास मोजून चौकोन काढला. खाली लाद्या असल्याने पातं सपाट धरलं. भोकाखाली कॅनव्हासचा सहा इंची तुकडा सरकवला, लॅटेक्स लावलं, चारी कडांनाही लावलं आणि ठिगळ वरून सरळ खाली बसवलं. बाजूने सरकवलं असतं तर कडेचे फास आत दुमडले असते. सांध्यावर दाभणाने एकेक फास मोकळा केला.

दिवा, पंखा, डबे. पाच दिवस.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

मामा राखीसाठी आला. त्याला सांगितलं, डाग कुठे होता ते शोध. त्याने पुन्हा गाल टेकवून बघितलं आणि दोन मिनिटांनी बोट ठेवलं, बरोबर ठिगळावर. मी जरा खट्टू झाले. "मी शोधत होतो म्हणून सापडलं गो," म्हणाला. मग आईला हाक मारून आणलं. तिला सापडलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

चार नंबर, दाराची कड. मामा होता म्हणून दोन तासांत झालं. फणीसारखी आलेली टोकं सरळ रेषेत कापली, कडेच्या इंचभर पट्ट्याला मागून लॅटेक्स चोपडलं, तिथली भुकटी आधी ब्रशने पूर्ण काढली, कारण भुकटीवर गोंद धरत नाही. वाळल्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने. मोझेकला भोक पाडताना एका लादीला केसासारखा बारीक तडा गेला, तो पट्टीखाली झाकला गेला आहे.

भिंतीलगतचा जो हातभर पट्टा भुकटी झालाय त्याला आत्ता हात लावत नाही. दिवाळीनंतर कोरड्या हवेत कार्पेट उलटं करून मागून लॅटेक्सचा नवा हात द्यायचा, असं मामाचं मत. पावसात ते काम काढलं तर ओल आत कोंडेल.

१७ ऑगस्ट, रविवार

खोलीचे नवे नियम कागदावर लिहून दारामागे चिकटवले. पेटी आणि तानपुरा उचलून न्यायचा. हिराच्या केरसुणीने कार्पेट झाडायचं नाही, हिरांची टोकं फासांत अडकतात. व्हॅक्युम लावायचा तर फिरता ब्रश बंद करून, फक्त ओढणारा पाइप. तबल्याच्या चुंबळीखाली जाड कापड. फास वर दिसला तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची. शेवटची ओळ एका छोट्या विद्यार्थ्याने मोठ्याने वाचून दाखवली आणि बाबांनी त्याला ती दोनदा म्हणायला लावली.

उदबत्तीचं घर आता लाकडी पाटावर, खाली पितळी ताटली.

२४ ऑगस्ट, रविवार

चवथ (गणेश चतुर्थी) बुधवारी. संध्याकाळी वाड्यावरची मुलं घुमट आणि शामेळ ही वाद्यं घेऊन आरत्यांच्या तालमीला आली, बावीस जण त्या खोलीत. मी दारातून मोजत होते, किती पाय त्या ओळीवरून गेले ते. घुमट वाजायला लागलं तेव्हा मोजायचं विसरले.

सगळे गेल्यावर टॉर्च घेऊन ओळ तपासली. ९८ फास. खिडकीपाशी मात्र एक नवा फास वर आला आहे, पाव इंचाचा, तुटलेला नाही. टेप लावून त्यावर पाच लिहिलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

पाच नंबर दाभणाने पुढच्या सहा फासांत वाटून दिला. सात मिनिटं लागली.